मागच्या चाकाची खरखर आणि ‘साहेबांना पाठवा’

बायांनो, तुम्हालाबी गॅरेजात “साहेबांना पाठवा” म्हणतात का? आज मला म्हणले.

रेणापूरहून लातूरला येताना मागच्या चाकातून खरखर सुरू झाली. गॅरेजवाल्या दादांना सांगितलं, “चाक फिरलं की आवाज येऊन राहिला.”

ते जागचे हलले न्हाईत. “बेअरिंग गेलं असंल, ताई. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.”

मला आठवलं, वाटेत लोकांनी मळायला रस्त्यावर सोयाबीन पसरलं होतं आणि मी त्यावरूनच गाडी आणली होती. तिथंच गुडघे टेकून वाकले. चाकाच्या आत सोयाबीनचं वाळकं काड गच्च गुंडाळलेलं! सगळं ओढून काढलं, एक चक्कर मारली. आवाज बंद.

काडाचा पुंजका दादांच्या टेबलावर ठेवला.

“साहेबांना पाठवते की. पण त्यांना गाडी येत न्हाई, मीच शिकवून राहिले.”