गॅसमधला मुलगा

पनवेलच्या आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं तेव्हा मी पीएचडी करत होतो. विषय होता अतिथंड वायूतल्या स्पिन-लहरी. आत्याने त्यातलं तिला झेपलं तेवढं मुलीकडच्यांना सांगितलं: मुलगा गॅसमध्ये आहे.

हे मला पोह्यांची बशी हातात आल्यावर कळलं.

"गॅसच्या जोडणीसाठी आमचा नंबर लावून सहा वर्षं झाली," मुलीचे वडील म्हणाले. "तुमच्या शब्दाने काही हलेल का?" मुलीच्या मामांनी तर सिलिंडर आणायला कळंबोलीहून टेम्पो काढायची तयारी दाखवली.

मुलगी मला आवडली होती. पोह्यांत मीठ कमी पडलंय, हे तिने स्वतःच सांगून टाकलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर जमून गेलं असतं, पण मग लग्नात सिलिंडर मलाच न्यावा लागला असता.

"माझा गॅस शेगडीचा नाही," मी म्हणालो. "हायड्रोजन आहे. शून्याखाली दोनशे बहात्तर अंशांच्याही खाली नेलेला."

"पेटत नाही?" वडिलांनी विचारलं.

"इतक्या थंडीत नाही. मीही तो अजून पाहिलेला नाही. माझं सगळं कागदावर, त्यातल्या लहरींचं गणित."

वडिलांनी मान वळवून मामांकडे पाहिलं. मामांनी मामींकडे. मामींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे. जागचं कुणी हललं नाही, पण बातमी आत पोचली, कारण कपबशांचा आवाज थांबला. आत्या पंख्याकडे बघत बसली होती.

"मग लहर कसली?" मुलीने विचारलं.

"प्रत्येक अणू म्हणजे बारीकसं लोहचुंबक. सगळ्यांची तोंडं एकीकडे केलेली असतात. दोघे भेटले की जाताजाता एकमेकांना जरासं वळवतात. मग पुढचे त्यांच्या पुढच्यांना. वायू अगदी विरळ, तरी त्या वळण्याची लाट सगळीकडे जाते."

तिने खोलीभर नजर फिरवली. "आत्ता गेली तशी?"

तीन वर्षांत मला इतकं सोपं उदाहरण सुचलं नव्हतं. मी हो म्हणालो.

"बाबा, मला स्टोव्हची सवय आहे," ती म्हणाली.

वडील आत पाहून म्हणाले, "यांना पोहे वाढा. आणि मीठ आणा."

सासऱ्यांचा गॅसचा नंबर आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी लागला. आत्या अजून सांगते, भाचा गॅसमध्ये होता म्हणून झालं.