स्वयंपाकघराखालचं थिएटर

बाळारामकाकांकडे चहाला गेलेल्या माणसाच्या डोळ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सुतळी धरली जायची. माणूस पोस्टमन असो की जावई, काका त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे, सुतळीचं एक टोक त्याच्या भुवईशी धरायला लावायचे आणि दुसरं टोक घेऊन भिंतीकडे चालत जायचे. माझीही पहिली भेट अशीच झाली. उलव्यात त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले आणि किल्ली मिळायच्या आधी हातात सुतळी आली. मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते हे कळल्यावर मात्र काकांनी सुतळी गुंडाळली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलगी पसंत पडली होती.

बाळारामकाका मूळचे इथलेच, खाडीकाठच्या गावातले. भातशेती गेली, जमिनीवर टॉवर आले आणि काका शेठ झाले. पण चालणं मात्र बांधावरून चालल्यासारखंच राहिलं, एका पायापुढे दुसरा. इमारतीमागे गावठाणात त्यांचं स्वतःचं नवं घर बांधायला काढलं होतं. त्याच्या तळघरात त्यांना होम थिएटर करायचं होतं. तळघरच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वर इमानं उरनार. पिच्चर बगाला खालीच जाया पायजे." तेव्हा विमानतळ व्हायचा होता, नुसते टेकडी फोडायचे सुरुंग ऐकू यायचे. काका त्या प्रत्येक धमाक्याला मान डोलवायचे, जणू त्यांचाच मुद्दा कुणी उचलून धरत होतं.

त्यांचं एक ब्रीद होतं, "आधी डोला, मंग भिंत." म्हणजे माणूस कुठे बसणार ते आधी ठरवायचं, खोली नंतर. या हिशेबाने त्यांनी खणलेल्या खड्ड्यातच फक्कीने रेघा मारल्या, मंडपवाल्याकडून खुर्च्या आणवल्या आणि एका रविवारी सगळी भावकी त्यात उतरवली. समोर दोन पुतण्यांनी पांढरी चादर ताणून धरली. चादरीवर काहीही नव्हतं. तरी मंडळी गंभीरपणे तिच्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने एका चुलतभावाने तक्रार केली, की इथून हिरो लांब पडतो. काकांनी त्याची खुर्ची पुढे घेतली, तेव्हा तो म्हणाला, आता बरा दिसतो. उधाणाच्या भरतीचा दिवस होता. खालून पाणी पाझरायला लागलं, चपला तरंगायला लागल्या, पण चादर खाली येईपर्यंत कुणी उठलं नाही.

एक माणूस मात्र त्या खड्ड्यात उतरलं नव्हतं. हिराकाकी, काकांची बायको. ती काठावर उभी राहून बघत होती. हिराकाकी जमिनीखाली जात नसे. बेलापूर स्टेशनातल्या भुयारी वाटेतूनही ती कधी गेली नाही, आणि तिच्यामुळे ते घर कुठेही जायचं तर रिक्षाने जायचं. कारण विचारलं तर म्हणायची, "मेल्याशिवाय मातीखाली जानार नाय." पुढे चर्चा नाही.

काकांनी मग तिच्याशी तह करायला घेतला. पाण्यामुळे तसाही खड्डा फार खोल नेता येणार नव्हता. काका त्यात उभे राहिले आणि त्यांनी वर बघून विचारलं, कमरेपर्यंत चालेल का. काकी नाही म्हणाली. त्यांनी पायाखाली विटा रचल्या, त्यावर चढले आणि विचारलं, "गो, गुडघाभर?"

"गुडघाभर भात लावाला," काकी म्हणाली. "पिच्चर बगाला नाय."

काका विटांवरून उतरले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी त्यांना सुचवलं, की सरळ वरच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावा, काकीही बघेल. त्यांनी मान हलवली. तरुणपणी गावाबाहेर तंबूत सिनेमा यायचा, तेव्हा ते जायचे आणि काकी घरी चूल सांभाळायची. मग पनवेलला, मग वाशीला, तेच. "लगीन झाल्यापासून सगला पिच्चर मी एकट्यानं बगला, ताई," ते म्हणाले. "टीवी ती बगतेच. मना तिला थेटरात न्यायाची हाय."

याच सुमारास मी ऐरोलीहून आवाजाचा एक तज्ज्ञ बोलावला. मुलगा हुशार होता, लेझरने मापं घेत होता. त्याने आराखडा पसरला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवून सांगितलं, की काका, हा स्वीट स्पॉट. खोलीत अशी एकच जागा असते, जिथून सगळं उत्तम दिसतं आणि उत्तम ऐकू येतं. काकांनी तो ठिपका नीट पाहिला. मग त्याला शांतपणे विचारलं, हा ठिपका वर स्वयंपाकघरात नेता येईल का.

तो हसला. काका हसले नाहीत. तो म्हणाला, शक्य नाही, पडदा तळघराच्या भिंतीवर आहे.

"मंग परदा जमिनीवर निजवा," काका म्हणाले.

तज्ज्ञाने चहा संपवला, लेझर खिशात घातला आणि त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. मी मात्र घरमालकाच्या वरच्या मजल्यावर राहत होते, मला कुठे जायला जागा नव्हती. मी तो नकाशा काढला. स्वयंपाकघराच्या फरशीला मधोमध चौकोनी भोक, भोवती कठडा. प्रोजेक्टर स्वयंपाकघराच्या छताला, तोंड खाली. तळघराची जमीन पांढरीशुभ्र, तोच पडदा. त्याच्या चारी बाजूंना विहिरीसारख्या पायऱ्या, त्यावर गाद्या. कठड्यापाशी, ओट्याच्या बाजूला, काकीचा स्टूल. पायऱ्यांच्या चारांपैकी एकाच, काकीच्या स्टुलाखालच्या बाजूला चित्र सुलटं दिसणार होतं. दोन बाजूंना ते आडवं दिसणार आणि काकीच्या बरोबर समोरच्या बाजूला पूर्ण उलटं. मी काकांना ते तीनदा समजावलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या उलट्या बाजूच्या खालच्या पायरीवर फुली मारली. ती त्यांची जागा.

"काका, तिथून हिरो डोक्यावर चालेल."

"चालू दे. ती इथून दिसते."

थिएटर उभं राहिलं आणि चाललं. दर रविवारी दुपारी भावकी जमायची. सुलट्या बाजूसाठी भांडणं व्हायला लागली, म्हणून काकांनी नियम केला, की मध्यांतरात सगळ्यांनी एक बाजू सरकायचं. मग वीसपंचवीस माणसं प्रदक्षिणेसारखी पडद्याभोवती फिरायची आणि ज्याच्या वाट्याला खलनायकाचा मृत्यू सुलटा यायचा, तो नशीबवान ठरायचा. काकी वरून टोपलीला दोरी बांधून तळलेले बोंबील खाली सोडायची, तेव्हा नायिकेच्या तोंडावरून टोपलीची सावली हलत जायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. काका एकटे जागा बदलत नसत. सगळे हसले की तेही हसायचे, पण किंचित उशिरा, कारण ते आधी वर बघायचे. काकी हसली असेल तर प्रसंग विनोदी.

काकीला या व्यवस्थेचं कौतुक होतं असं कधी दिसलं नाही. ती कठड्यावर कोपर टेकून बघायची, मध्ये भाजी हलवायची आणि काही चुकलं तर काय झालं ते ओरडून विचारायची. खालून चारी बाजूंनी चार उत्तरं यायची.

गेल्या वर्षी काकांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी जिने बंद केले. त्यांनी तळघराच्या दारातून एकदा खाली पाहिलं आणि निमूटपणे स्वयंपाकघरात गेले. ते वारले त्याच्या आधीच्या रविवारी मी तिथेच होते, कठड्याच्या कोपऱ्यात. काकीने स्वतःचा स्टूल सरकवून शेजारी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. वरून विमान गेलं, ते आता रोजचंच झालं होतं. सिनेमा सुरू झाला. इतक्या वर्षांत काका पहिल्यांदा तो सुलटा बघत होते. नायक पायांवर चालत होता, आकाश वर होतं, सगळं जिथल्या तिथे होतं. खाली भावकी हसली. काकांनी सवयीने समोर, कठड्यापलीकडे पाहिलं. तिथे फ्रिज होता.

"इथून तू दिसत नाय," ते काकीला म्हणाले.

काकीचं लक्ष सिनेमात होतं. तिने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "मंग मान फिरवा."

काकांनी मान फिरवली. सिनेमा संपून खालची माणसं वर आली, तरी त्यांची मान तशीच काकीकडे होती.