नर पपईचा रस

माझ्या अंगणातल्या पपईला फळ कधीच धरलं नाही. झाड नर निघालं. तीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाने रोपवाटिकेत तासभर घालवून, पारखून आणलेलं रोप ते. पपईचं कूळ लहान, मूळ अमेरिकेतलं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. फळाचा विषय निघू नये म्हणून.

मग नांदेडात डेंग्यूची साथ आली आणि पपईच्या पानांना भाव आला. अख्खी गल्ली पिशव्या घेऊन माझ्या दारात. मी बसल्याजागी डॉक्टर झालो. कोवळी पानं कोणती, रस किती चमचे, सगळं चष्मा पुसत पुसत सांगायचो.

शेजारचे भाई शिलाई मशिनी दुरुस्त करतात. त्यांची बायको, आमच्या भाभी, तापाने पडल्या तेव्हा ते रिपोर्ट घेऊन माझ्याकडेच आले.

"सर, डॉक्टर भरती करा म्हणून राहिला. काय करू?"

"दवाखानेवाले घाबरवतातच. दोन दिवस रस देऊन बघा."

रस मीच वाटून नेला. भाभींनी वास घेतला आणि पेला माझ्याकडे सरकवला. "आधी तुम्ही प्या, सर. विषबिष असंल तर पहिले तुम्ही जाताल."

मी घोटभर प्यालो. इतकं कडू जन्मात चाखलं नव्हतं.

"उसाचा रस हाय," मी म्हणालो.

त्या हसल्या, आणि डोळे मिटून सगळा पेला प्याल्या.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पोटात लई दुखतंय म्हणाल्या. भाईंनी दारात रिक्षा आणली होती. ती मी परत पाठवली. "रस लागू पडतोय, त्याचीच खूण आहे ही."

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरड्यांतून रक्त आलं. दवाखान्यात डॉक्टरने भाईंना विचारलं, "इतका उशीर का केला?" मी बाजूला उभा राहून भिंतीवरची सूचना वाचत होतो. चष्मा घरी राहिला होता. संध्याकाळी भाभी गेल्या.

जियारतीच्या दिवशी, म्हणजे मयतानंतर तिसऱ्या दिवसाच्या दुआला, मी मागे, चपलांपाशी बसलो होतो. भाईंनी हात धरून मला पुढे नेलं.

"हे आमचे सर," ते पाहुण्यांना सांगू लागले. "ह्यांनी लई केलं. सोताच्या हातानं रस वाटून आणला. ह्यांच्यामुळं तर दोन दिवस जास्ती मिळाले तिला."

सगळे माझ्याकडे बघत होते. बोलायची वेळ हीच होती, आणि एरवी बोलायला मला निमित्तही लागत नाही.

"शेजारधर्म आहे," मी म्हणालो.

सगळे सतरंजीवर बसले होते. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसलो.