ब्रेकवरचा पाय

आमची गाडी उभी राहिली की थरथरायची. चालताना काही तक्रार नसे. बदलापूरहून अंबरनाथपर्यंत गुमान जायची. पण सिग्नलला थांबली की पातेल्यावरचं झाकण वाफेने वाजतं तशी वाजायची. गाडी आईची. वडील गेल्यावर, पन्नाशीत, ती चालवायला शिकली. आता सत्तरी उलटली तरी दर आठवड्याला अंबरनाथच्या मोरिवलीला माहेरी स्वतः जाते. जाताना एकटी असते, येताना मागच्या सीटवर भावाच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा असतात.

थरथरीबरोबर तिची आणखी एक तक्रार होती: ब्रेक जड लागतो. ही तक्रार घरात कुणी गाडीची मानलीच नाही. गुडघा तिचा, वय तिचं, तेव्हा जडपणाही तिचाच. मी ‘आईचा पाय गेलाय, आता चालवणं पुरे’ हा विषय काढला, बहिणीने फोनवरून अनुमोदन दिलं. गाडी सुधारली नाही तर विकायची आणि आईने यापुढे माझ्या गाडीत मागे बसायचं, असं एकमताने ठरलं. मतदानाला आई नव्हती. निर्णय कळवला तेव्हा ती शेंगा मोडत होती. म्हणाली, आधी गाडी तर बघून घ्या.

घराजवळच्या मेकॅनिकने प्लग बदलले. थरथर तशीच. मग एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथे काचेची खोली, कॉफीचं यंत्र आणि टाय लावलेला माणूस होता. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि ‘मिसफायर’ असं निदान केलं. म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत नाही. का जळत नाही, हे कॉम्प्युटरने सांगितलं नाही आणि टायवाल्याने विचारलं नाही. ठिणगी पाडणारी कॉइल बदलून झाली, तरीही फरक पडेना, तेव्हा त्याने आईला नव्या मॉडेलचं रंगीत पुस्तक दिलं. आईने ते शेंगांखाली अंथरलं.

शेवटी कुणीतरी उल्हासनगरचा एक सिंधी गॅरेजवाला सुचवला. तिथल्या कॅम्प पाच भागात त्याचा बोर्ड लांबूनच दिसला. बोर्डावर त्याचा स्वतःचा फोटो होता, कोपऱ्यात लहानशी गाडी, आणि खाली ‘इंजिनचा डॉक्टर’. खुद्द डॉक्टर पांढऱ्याशुभ्र शर्टात, बोटांत अंगठ्या घालून खुर्चीत बसले होते. मालकाचा फोटो मालापेक्षा मोठा असेल तर पुढे जावं, असा माझा नियम आहे. पण आईची गाडी लावूनसुद्धा झाली होती.

त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि मैफलीत बसल्यासारखे डोळे मिटून इंजिन ऐकलं. आईने नुकताच ब्रेकवरचा पाय काढला होता. थरथर विरत चालली होती.

“अम्मा, गाडी हवा चोरते,” तो म्हणाला. “दरवाज्यातून नाय, भिंतीतून.”

त्याचं म्हणणं असं की इंजिन मोजून हवा घेतं आणि त्या हिशेबात पेट्रोल. एखाद्या पाइपाला भेग पडली की न मोजलेली हवा आत शिरते. वेगात ते खपून जातं. गाडी उभी असताना इंजिनाची भूकच थोडी, तिथे तेवढी हवाही त्याला बाधते. याला व्हॅक्यूम लीक म्हणतात. सगळं पटण्यासारखं होतं, याचा मला थोडा रागच आला.

मग त्याने अगरबत्ती पेटवली. आईने हात जोडले. मी रस्त्याकडे बघू लागलो. इंजिनची आरती पाहायला मी आलो नव्हतो. पण तो आधी वाकून पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना, हे बघत होता. नंतर एकेका पाइपाजवळ अगरबत्ती धरून धूर न्याहाळू लागला. जिथे पाइप हवा ओढतो तिथे धूर आत वळतो. आईचे जोडलेले हात हळूच खाली आले.

धूर कुठेच वळला नाही. इंजिनही आता शांत चाललं होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला आणि मी मनात एक खोचक वाक्य जुळवायला घेतलं. ते पुरं होण्याआधी त्याने आईला विचारलं, “अम्मा, थरथरते तेव्हा तुम्ही काय करत असता?”

“पाय ब्रेकवर असतो,” आई म्हणाली. “हँडब्रेक ओढून पाय काढला की गप होते. हल्ली मी तेच करते.”

हे तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. प्रत्येक गॅरेजात मात्र गाडी न्यूट्रलमध्ये उभी असायची आणि ब्रेकवर कुणाचाच पाय नसायचा.

त्याने आईला गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगितला. झाकण वाजू लागलं. मग हा फोटोवाला माणूस शुभ्र शर्टासकट उघड्या दारातून गाडीत आडवा झाला, आईच्या पायांजवळ डोकं घातलं आणि पेडलच्या मुळाशी अगरबत्ती धरली. धूर वाकून आत गेला. पाय सोडला, धूर सरळ. पुन्हा दाबला, पुन्हा आत. मला खाली वाकवून त्याने ते दाखवलं. नंतर बॉनेटखाली ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाइप पकडीने चिमटला. आईचा पाय ब्रेकवरच होता, तरी इंजिन शांत झालं.

बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. आतलं रबर फाटलं होतं. म्हणून इंजिन थरथरत होतं, आणि म्हणूनच पायाला मदत मिळत नव्हती.

“म्हणजे ब्रेक खरंच जड होता?” आईने विचारलं.

“अम्मा, एवढा जड ब्रेक माझी पोरं दाबत नाय. तुम्ही बदलापूरपासून दाबत आल्या.” एवढं बोलून तो शर्ट झटकू लागला. तेलाचा डाग गेला नाही. बूस्टर बदलेपर्यंत गाडी इथून हलणार नाही, असंही त्याने बजावलं. माझं खोचक वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

गाडी आणायला आम्ही दोघं गेलो. परतताना आई चालवत होती, मी शेजारी. पहिल्याच सिग्नलला तिने सवयीने, गेल्या कित्येक दिवसांचा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, मी पट्ट्यात अडकलो आणि चष्मा पायाशी पडला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. इंजिन इतकं शांत होतं की ते बंद पडलं असं मला वाटलं.

आई समोर बघत होती. पाय ब्रेकवरच होता.

“माझाच पाय ना तो?” ती म्हणाली. “जो गेलाय?”

मी वाकून चष्मा शोधत राहिलो. वर आलो तेव्हा ती मोरिवलीच्या रस्त्याला लागली होती.