रुळाकडचं दार

मी रेल्वेत पाणी भरायचो. लोकांना वाटतं मी फलाटावर पाणी पाजायचो. तसं नाही. लांबची गाडी जबलपूरला येऊन थांबली की तिच्या डब्यांच्या टाक्या भरायच्या. संडासात आणि बेसिनला जे पाणी येतं, ते. हे काम फलाटावरून होत नाही. फलाट गाडीच्या एका बाजूला, आणि आम्ही दुसऱ्या बाजूला, दोन रुळांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. तिथं ओळीनं नळ असतात आणि नळाला जाड रबरी पाइप. पाइप डब्याच्या खालच्या तोंडात खुपसायचा, नळ सोडायचा, आणि टाकी भरली की जास्तीचं पाणी वरून उसळून आपल्याच अंगावर पडतं. अंगावर पाणी पडलं म्हणजे डबा भरला, पुढं चला.

सारी नोकरी मी गाडी अशी मागून पाहिली. तिचं तोंड फलाटाकडं असायचं आणि पाठ माझ्याकडं.

त्या वेळचे संडास खाली उघडे होते. गाडी उभी असताना वापरू नका, असं आत लिहिलेलं असायचं, पण गाडी उभी राहिली की लोकांना नेमकं तेव्हाच आठवायचं. आम्ही खाली वाकलेले. पुढचं सांगायची गरज नाही. खिडकीतून चहाचे कप यायचे, पानाची पिचकारी यायची, आणि वरून, "ओ पानीवाले, इधर पानी नहीं है, सोते हो क्या?" कोणी भैया म्हणालं तर तो दिवस चांगला समजायचा. जानेवारीत पाइप इतका गार पडायचा की हाताला चिकटल्यासारखा वाटायचा. पाय कायम ओले. बोटांच्या मधी चिखल्या व्हायच्या, त्या उन्हाळ्यातही बऱ्या व्हायच्या नाहीत. हे रडगाणं म्हणून नाही सांगून राहिलो. या नोकरीवर पोरांची शिक्षणं झाली, जबलपुरातच अधारतालला दोन खोल्या झाल्या. काम कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगितलं.

आमच्या घरी एक रीत होती, ती बायकोनं लावलेली. मी ड्युटीवरून आलो की आधी अंगणात. दाराबाहेर बादली भरलेली असायची, थंडीत पाणी ऊन केलेलं, वर तांब्या, बाजूला कोरडं फडकं.

"तिथंच थांबा. आत नका येऊ," असं ती आतूनच म्हणायची. मग अंगावरचे कपडे तिथंच सोडायचे, आंघोळ करायची, आणि मग घरात पाय.

शेजारची बाई एकदा म्हणाली, "दीदी, आदमी है कि भैंस? रोज बाहर नहलाती हो."

बायको म्हणाली, "भैंस तो दूध देती है."

ते फडकं तिच्या जुन्या सुती साडीचं असायचं. साडी विरली की ती तिचे तुकडे करायची आणि प्रत्येकाला चारी बाजूंनी हातानं शिवण घालायची. एक फडकं रोज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या खिशात. काम संपलं की पाय पुसायला. बाकीचे गडी हसायचे, पण चिखल्या चिघळल्या की माझ्याकडंच फडकं मागायचे.

मी रिटायर झालो तरी बादली दाराबाहेरच राहिली. बाजारातून आलो तरी पाय धुऊनच आत.

मग तिच्या पोटात दुखणं निघालं. इथं सिविल लाइंसच्या एका डॉक्टरनं तपासून नागपूरला न्या म्हटलं. नागपूरला लेक राहते, तिच्याकडं राहून इलाज केला. तिथल्या डॉक्टरनं शेवटी मला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणाला. इतकं मला समजते. बायकोलाही समजलं होतं.

"मले माह्या घरी न्या," ती म्हणाली. "लेकीच्या घरी मरून तिच्या सासूले बोलायले कारण काहून देऊ?"

लेक सोबत यायला निघाली होती, पण तिच्या पोरीची परीक्षा चालू होती, मीच नको म्हणालो. दिवसाची गाडी होती. खालच्या दोन जागा मिळाल्या. संध्याकाळी जबलपूरला मुलगा आणि सून आटो घेऊन येणार होते. लेकीनं त्या फडक्यांचं एक गाठोडं आणि धुतलेली साडी वेगळी बांधून दिली, कारण बायकोच्या पोटावर आता तिचा ताबा राहिला नव्हता.

गाडी दूर दक्षिणेतून येत होती. उन्हाळा होता. नागपूर सुटून बराच वेळ झाला आणि ज्याची भीती होती ते झालं. मी तिला धरून संडासात नेलं. नळ दाबला, पाणी नाही. दुसरा पाहिला, त्यातही नाही. डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तिथंही लोक शिव्या देऊन राहिले होते. पिण्याच्या पाण्याची एक बाटली होती, तिच्यात काय होणार? फडक्यांनी जमेल तितकं पुसलं आणि तिला चादरीत गुंडाळून जागेवर आणलं. समोरच्या बाकावरचं कुटुंब उठून दुसरीकडं जाऊन बसलं. त्यांचीही चूक नाही, वासच तसा होता.

ती खिडकीकडं तोंड करून बसली. आजारात ती कधी रडली नव्हती. सुई टोचली तरी नाही.

"अशी मी जबलपूरले उतरणार नाही," ती म्हणाली. "पोरगा येईल, सून येईल. त्यांच्यापुढं अशी नाही उतरणार मी. सांगून ठेवलं."

जिनं मला एक दिवसही घाण अंगावर घेऊन घरात येऊ दिलं नाही, तिला मी असं घरी नेऊन राहिलो होतो.

तितक्यात तिकीट पाहणारी बाई आली. काळा कोट, घामानं कपाळ ओलं, हातात ते तिकिटाचं यंत्र. लोक तिच्यावर धावून गेले. पाणी नाही, पंखा बंद आहे, पैसे कशाचे घेता. ती सगळ्यांचं ऐकून घेत होती. पंख्याचं तिच्या हातात काय आहे? पण काळा कोट दिसला की माणूस त्याच्यावरच ओरडतो, आम्ही निळ्या कपड्यातले खाली असायचो तेव्हा आमच्यावर ओरडायचा. आमच्यापाशी आली, तिकीट पाहिलं, आणि मग बायकोकडं पाहिलं. तिकीट तसंच परत दिलं.

"अम्मा को क्या हुआ, चाचाजी?"

मी सांगितलं. लाजून काय करणार? तिनं लगेच फोन लावला, पुढच्या जंक्शनला सांगितलं की या डब्यात पाणी पाहिजे, पेशंट आहे. पेशंट शब्द तिनं दोनदा म्हटला. मग कुठून तरी पाण्याच्या दोन बाटल्या आणून दिल्या. तिच्या स्वतःच्याच असतील. नंतर सारा वेळ मी तिला पाणी पिताना पाहिलं नाही.

त्या जंक्शनचं नाव मी लिहीत नाही. तिथं जे झालं ते कायद्यात बसत नाही, आणि कोणाची नोकरी माझ्या लिहिण्यानं अडचणीत यायला नको.

गाडी थांबली तशी सवयीनं मी रुळाकडच्या बाजूला कान दिला. पाइपांचा आवाज येत होता. दारातून वाकून पाहिलं. एकच माणूस होता आणि तो पुढच्या डब्यांवर होता. आमच्या डब्याच्या खाली पाइप तसाच पडलेला. एक माणूस, इतके डबे, आणि गाडी थांबणार थोडीच मिनिटं. आमच्या वेळी एका गाडीला आम्ही चार-पाच जण असायचो. त्याच्यापर्यंत फोन पोचला असेल नसेल, आमच्या डब्यापर्यंत तो पोचणार नाही हे मला दिसून राहिलं होतं.

दुसरा माणूस असता तर फलाटावर उतरून कोणाला तरी बोलावलं असतं. मी रुळाकडचं दार उघडलं आणि खाली उतरलो. विचार केलाच नाही. जन्मभर मी गाडीच्या त्याच बाजूला होतो, पाय तिकडंच गेले.

पाइप उचलला. जड लागला. नळ सोडून डब्याच्या तोंडात खुपसायला गेलो तर पाणी माझ्याच तोंडावर. पुढून तो ओरडत आला. पायात नुसत्या स्लीपर, पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"बाबूजी, मरना है क्या? ऊपर चढ़ो."

"मैं भी यही करता था. जबलपुर में."

त्यानं माझ्याकडं एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. "तो भूल कैसे गए? उल्टा पकड़े हो."

पाइप त्यानं माझ्या हातातून घेऊन एका झटक्यात बसवला. पाणी चढायला लागलं. घरवाली बीमार आहे म्हणालो, तर तो म्हणाला, मालूम है, इसी डिब्बे का फोन था, आगे से निपटाते आ रहा हूँ. तो येतच होता. म्हणजे मी उतरलोच नसतो तरी चाललं असतं.

तेवढ्यात इंजिनचा भोंगा वाजला.

मी दाराकडं वळलो. दार बंद. मी उतरल्यावर कोणी तरी आतून कडी घातली होती. घालतातच, त्या बाजूनं कोण चढणार? ठोकलं, आत सारे पाण्यासाठी भांडून राहिलेले, कोण ऐकते? आणि उघडं असतं तरी काय? फलाट नसला की पहिली पायरी छातीशी येते. तरणेपणी मी ती दिवसातून कितीदा चढलो असेन. आता गुडघा तिथवर उचलत नव्हता. गाडीला वळसा घालून फलाटावर जायला वेळ नव्हता. आत ती एकटी, चादरीत गुंडाळलेली. गाडी सुटली तर जबलपूरला मुलगा तिला तसं पाहणार, आणि मी इथं रुळात उभा राहणार. इतकी भीती मला डॉक्टरनं बाजूला घेतलं तेव्हाही वाटली नव्हती.

आत काय झालं ते मला मागून कळलं. तिकीटवाली बाई बायकोपाशी आली होती, चाचाजी कुठं गेले म्हणून. लोक म्हणाले, फलाटावर उतरले असतील, गाडी चुकली बिचाऱ्यांची. बाई फलाटाच्या दारात जाऊन हाका मारायला लागली. तेव्हा बायकोनं तिची बाही ओढली.

"उधर मत देखो. मेरा आदमी उधर से कभी नहीं उतरा. रूळ की तरफ देखो."

दार उघडलं आणि काळा कोट दिसला. बाईनं आधी फोनवर गार्डला सांगितलं, दोन मिनिट द्या, माणूस खाली आहे. मग खाली बसून दोन्ही हात दिले. "चाचाजी, पकड़िए." त्या पाणीवाल्यानं मागून माझ्या कमरेला खांदा लावला आणि गोणी चढवतात तसं मला वर ढकललं. मी दारात पालथा पडलो. मागं वळून पाहिलं तर तो पुन्हा पाइपाशी जाऊन उभा. दोन मिनिट मिळाले तर ते त्यानं टाकीला लावले. गाडी हलायच्या आधी वरून पाणी उसळलं आणि त्याच्या डोक्यावर पडलं. त्यानं पाइप ओढला, माझ्याकडं पाहून हात केला. डबा भरला, अशी आमची ती खूण. मीही केला.

मी डोक्यापासून पायापर्यंत ओला, हाताला काळं ग्रीस, तसाच तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. खूप दिवसांनी हसली.

"आज बादली नाही ठेवली," ती म्हणाली. "या तसेच आत."

तिकीटवाल्या बाईनं संडासाच्या बाहेर उभं राहून लोकांना अडवलं. कोणी कुरकुर केली तर म्हणाली, "दूसरी तरफ जाइए." मी बायकोला अंघोळ घातली. हलत्या गाडीत, एका हातानं तिला धरून, दुसऱ्या हातानं तांब्याऐवजी कापलेल्या बाटलीनं. केस तेवढे सोडून बाकी सगळं धुतलं. पाणी धो धो येत होतं. ती म्हणाली, "हळू, बाकीच्यांलेही लागते." धुतलेली साडी नेसवली, फार वाईट नेसवली, पण नेसवली.

जबलपूरला ती मुलाच्या हाताला धरून फलाटावर उतरली. सून म्हणाली, आई, तुम्ही तर छान दिसता. रस्त्यात बायको माझ्या कानात म्हणाली, "त्या पाणीवाल्याले काही दिलं का?" नाही म्हणालो, गाडी सुटली. "जाल तवा द्या."

काही आठवड्यांनी ती गेली. आपल्या खोलीत, आपल्या चादरीवर, स्वच्छ. घरी बुद्धवंदना झाली, लेक आली, सगळं रीतसर झालं. रेल्वेला शिव्या देणारे खूप भेटतात, मीही देतो, गाडी उशिरा आली की आजही देतो. पण त्या काळ्या कोटातल्या बाईचं आणि त्या स्लीपरवाल्याचं नाव मला माहीत नाही, आणि माझ्या बायकोला मान वर करून घरी आणलं ते त्यांनी. ते माझ्याकडून फिटणार नाही.

या थंडीत लेकीकडं निघालो. बायकोच्या ट्रंकेत तिनं शिवलेली फडकी उरली होती, ती पिशवीत घेतली. जंक्शन आलं. या वेळी फलाटाच्याच बाजूनं उतरलो, पुढच्या टोकापर्यंत चालत गेलो, जिथून पाणीवाले रूळ ओलांडून वर येतात. तो नव्हता. दुसराच एक होता, पायाला फाटक्या मोज्यावर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. मी त्या स्लीपरवाल्याचं वर्णन सांगितलं.

"अच्छा, वो. उसकी ड्यूटी अब दूसरी है, बाबूजी. काम क्या है?"

पिशवी दिली. त्यानं एक फडकं काढून उलटंपालटं करून पाहिलं, शिवणीवर बोट फिरवलं.

"ये किसलिए?"

"पाँव पोंछने के लिए," मी म्हणालो. "आधे उसको दे देना. आधे तुम रखो. बोटांच्या मधून पुसायचं, नाही तर चिखल्या होतात."

मराठी त्याला कळलं नसेल. पण तो तिथंच फलाटाच्या कडेला बसला आणि पायाचं प्लॅस्टिक सोडायला लागला.