दरीवरचा म्हातारा

माझे काका दगडावर अक्षरं कोरतात. गावातल्या निम्म्या घरांवरच्या पाट्या आणि झाडून सगळ्या कोनशिला त्यांच्याच हातच्या. कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव ठसठशीत, कोरणाऱ्याचं कुठेच नाही. ही काकांची जुनी सल. साहेबाच्या राज्यातल्या एका जंगल-अधिकाऱ्याने आमच्या दरीवर लिहिलेली कविता दगडात कोरायचं काम नगरपालिकेने त्यांना दिलं, शिवाय खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घालायलाही परवानगी दिली. तेव्हापासून काका शेजाऱ्यांशीसुद्धा शुद्ध बोलायला लागले.

"लोक मुद्दाम वाचायला येतील असा हा माझा पहिला दगड," ते म्हणाले.

"अहो, जन्मभर दगडांशीच बोललात," काकू म्हणाली. "आता आलेल्या माणसांशी दोन शब्द बोला म्हणजे झालं."

कविता साहेबाच्या भाषेत. काकांना ती येत नाही, आणि आली असती तरी त्यांनी वाचली नसती. मजकूर वाचायचा नाही, नुसती वळणं बघायची, आणि शेवटच्या ओळीपासून वर चढत जायचं, हा त्यांचा नियम. "वाचत बसलं की डोकं पुढे पळतं न् हात घसरतो." या नियमापायी आजवर एक काना चुकलेला नाही.

दगडही त्यांनीच निवडला. दरीच्या कडेला एक काळाभोर दगड होता, उकिडवा बसल्यासारखा. हातोडा मारला तर घंटेसारखा खणखणला. "चांगला दगड बोलतो," काका खूश. नगरपालिकेचे इंजिनियर त्याहून खूश, कारण वाहतुकीची कटकट मिटली. पाचरी ठोकून दगड चिरला. मधला तुकडा कवितेला, उरलेल्याचा चौथरा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काकांनी मला तिथे नेलं. "शाळेत ही भाषा घोकलीस ना? बघ कुठे चुकलंय का. होऊ दे एकदा तिचा उपयोग."

मी मोठ्या थाटात अर्थ सांगायला लागलो. "दरीच्या काठी काळा म्हातारा बसला आहे, गुडघ्यावर हनुवटी टेकून. राज्यं जातील, मी जाईन, हा इथेच असेल... काका, हा म्हातारा कोण? तुमच्या ओळखीचा?"

काका हसले नाहीत. "परत वाच."

परत वाचलं. काकांनी मान वळवून दगडाच्या जुन्या जागेकडे पाहिलं. तिथे उघडी पिवळी माती होती.

उद्या त्या कवीची पणती येणार होती, समुद्र ओलांडून, खास तो म्हातारा बघायला.

हे कळल्यावर इंजिनियर आधी खुर्चीत बसले, मग सावरले. "वीज पडली म्हणू. ती काय पंचनामा करणार आहे? आणि तुमचं ते नाव तेवढं उडवून टाका, उगाच वांधे नकोत."

घरी काकूने उद्यासाठी काकांचा ठेवणीतला सदरा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पणतीने पडदा सारला, चौथऱ्यावर उभं राहून कविता वाचली आणि दरीकडे वळून नजर फिरवली. "तो कुठे आहे?"

मी दुभाषा, मराठीत अर्थ सांगितला. इंजिनियरांनी बोट आभाळाकडे नेलं. तेवढ्यात काका पुढे झाले आणि त्यांनी कवितेवर तळवा ठेवला.

"हा. आणि उरलेला यांच्या पायाखाली."

हे मी त्यांच्या भाषेत सांगितलं. ऐकताच बाईंनी तापल्या तव्यावरून उडी मारावी तशी चौथऱ्यावरून उडी मारली. तोंडावर हात, डोळे विस्फारलेले. टाळ्या वाजवायला आणलेली माणसं हात अर्ध्यावर धरून उभी.

मग बाईंनी विचारलं, "कोणी केलं हे?"

काकांनी खाली वाकून दगडाचा कोपरा बाहीने पुसला. नाव तसंच होतं, ठसठशीत. बाईंना आपली लिपी येत नव्हती.

"वाच," काका मला म्हणाले. "नीट, मोठ्याने वाच."