सुशीलाबाईंच्या घरात नसलेला गिझर

"भाऊ, गिझर नही शे आमना घरमा. पाणी सोलरवर तापस," सुशीलाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. मी तरीही बाथरूममध्ये डोकावलो. नोकरीच तशी.

मी नाशिकमध्ये पाइप गॅस कंपनीत फील्ड इंजिनिअर. नुकतेच आम्ही स्मार्ट मीटर बसवले होते. गॅस किती जोरात आणि किती वेळ जातो, यावरून घरात काय चालू आहे ते हा मीटर ओळखतो. म्हणजे, असं हेड ऑफिसचं म्हणणं. थोडा वेळ, कमी-जास्त जोर असेल तर शेगडी. सलग आणि जोरात असेल तर गिझर. तीन तासांच्या वर गेला तर धोका, आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद.

त्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय तृतीया. सुशीलाबाई मूळच्या सटाण्याच्या. दोन बर्नरवर मातीची दोन खापरं उपडी घालून त्या सकाळपासून मांडे भाजत होत्या. पुरण अर्धं उरलं असताना गॅस गेला. बारा वाजता नैवेद्य दाखवायचा होता. नवरा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी.

मी गळती तपासली. नव्हती. साहेबांना फोन लावला.

"साहेब, इथे मांडे चाललेत."

"ॲपच्या लिस्टमध्ये आहेत का?"

"नाहीत. शेगडी, गिझर, गळती, एवढंच आहे."

"मग गिझरच. भिंतीआड लपवला असेल, नीट बघ."

"अहो, खापर समोर दिसतंय मला!"

"डेटात दिसत नाही ना?"

सुशीलाबाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत पुटपुटल्या, "त्यासना निवद राही जाई." मला भयंकर लाज वाटली. मी ॲप उघडलं आणि 'गिझर काढून टाकला' यावर टिक केलं. असं केलं की त्या मीटरचा अलार्म दिवसभर गप्प बसतो. दोन मिनिटांत गॅस आला. नैवेद्य वेळेत झाला, आणि मला आमरसाबरोबर मांडा मिळाला.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी 'लपवलेला गिझर पकडला' म्हणून स्लाइड दाखवली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पोळ्याला पुरणपोळ्यांच्या ऐन घाईत पाच घरांचा गॅस बंद पडला. चौकशी केली तेव्हा कळलं, आमच्या रिपोर्टवरूनच सिस्टिमला शिकवतात, आणि माझ्या टिकवरून ती शिकली होती की असा गॅस जाणं म्हणजे गिझरच. आता तीन तास थांबायचीही गरज नव्हती. दोन मोठे बर्नर तासभर चालले की 'खात्रीचा गिझर'. खात्री कुणाची, तर माझी. लिस्टमध्ये 'मांडे' घाला म्हणून एक ईमेल करायला मला पाच मिनिटं लागली असती. त्याऐवजी मी टिक केलं.